करमाडचा गॅस

पाचोड, ता. पैठण
१८ नोव्हेंबर २०२४

श्रीधर,

पुंजारामचा रामराम. पत्र बघून दचकू नको, इकडं सगळे धडधाकट हायेत. फोनच करणार होतो, पण माझे कान आता पार गेले. मागं तू फोन केलास तवा तू काय म्हणतोस ते सारजा मला वरडून सांगत होती आन निम्मी गल्ली दारात जमली. म्हणून म्हणलं, आपल्या दुकानातल्या रजिस्टरवानी लिहूनच बोलावं. आठवतंय का? जो काम करून घरी निघंल त्यानं काय काय केलं ते समदं लिहायचं, आन दुसऱ्यानं ते वाचल्याबिगर पान्ह्याला हात लावायचा नाय. तुझाच नियम होता. उस्मानपुऱ्यातल्या त्या दहा बाय बाराच्या दुकानात आपण दोघं एकमेकाला कमी भेटायचो आन रजिस्टरातच जास्त बोलायचो. तू एकदा लिहिलं होतंस, "डबा अर्धा ठेवला आहे, धपाटे सारजावहिनींचे असल्यामुळे अर्धा खाल्लाही आहे."

आता कामाचं. आपण दोघांनी चौऱ्याण्णव साली सोसायटीच्या मोसंबीसाठी जी थंड खोली उभी केली, तिचं पट्ट्याचं मशीन अजून चालतंय. मी रोज सकाळी पेचकसाचं टोक मशीनला लावतो. पहिले मूठ कानाला लावून ऐकायचो, आता दातात धरतो. हाडातून समजतं बेअरिंग कसं हाय ते. पण शाफ्टच्या सीलमधून गॅस लई गळायलाय. बावीस नंबरचा गॅस मिळंना झालाय, तो आता हळूहळू बंदच करायलेत म्हणं. एक सेल्समन येऊन गेला. म्हणला, नवा गॅस हाय, हवेला कमी नुकसान करणारा. फक्त थोडासा पेट घेतो. आमचे चेअरमन नानासाहेब लगेच म्हणले, मग भरा की त्योच जुन्या मशीनमधी!

म्हणून तुला विचारतो. चालंल का? मोसंबीचा आंबे बहार निघून गेला, खोली रिकामी हाय. मृग बहाराचा माल यायच्या आत काय ते व्हायला पायजे.

आनखी एक. नानासाहेब पुढं असं बी म्हणले, "गॅस पेटणारा असंल तर पुंजाराम नको. करमाड इसरलं का?" चार माणसं हसली. मी बी हसलो. खोटं थोडंच बोलले ते. चूक माझीच होती, तवा ऐकून घ्यायला पायजे.

उमावहिनीला नमस्कार. लवकर लिही, उगं इस्त्रीच्या कपड्यावानी घडी घालून ठेवू नको.

तुझा
पुंजाराम


सिडको, छत्रपती संभाजीनगर
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय पुंजा,

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा त्यालाच आधी पटेना की कुणी साधं पत्र लिहितं. उमानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि धपाट्यांच्या जागी थांबून माझ्याकडे असं बघितलं की बस. तीस वर्षांनी चोरी पकडली गेली!

पेचकस दातात धरतोस हे वाचून मला आपलं दुकान जसंच्या तसं दिसलं. पाटीवर 'श्रीपुंज रेफ्रिजरेशन'. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, "श्रीपुंज शेठ आहेत का?" आणि तू छाती काढून म्हणायचास, "निम्मे आहेत, निम्मे कामावर गेलेत." लग्नसराईत राजदूतवर, मागे तू मांडीवर गॅसची बाटली घेऊन, आपण किती गावं हिंडलो असू! परतताना तू मोठमोठ्यानं गाणी म्हणायचास आणि मी हँडल सांभाळत तुला शिव्या घालायचो. ते दिवस मला नेहमी आठवतात. हल्ली तर रोजच.

आता नीट ऐक, आणि नानासाहेबांनाही वाचून दाखव. जुन्या मशीनमध्ये हा गॅस भरायचा नाही. नाही म्हणजे नाही. हा गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा भडकत नाही, सहजासहजी पेटत नाही, पेटला तरी सावकाश जळतो. पण बंद खोलीत साठला आणि ठिणगी मिळाली तर तेवढंही पुरतं. ज्या सीलमधून बावीस नंबरचा गळतो त्यातून हाही गळणार. तेव्हा आपलं पट्ट्याचं मशीन काढावं लागेल. मला माहीत आहे तुला काय वाटेल. मलाही तेच वाटतंय. त्याचा पाया आपण दोघांनी ओतला होता.

पण खोली ठेवता येईल, भिंती, दार, सगळं. या गॅससाठीच बनवलेलं नवं बंद मशीन घ्यायचं आणि ते खोलीबाहेर, उघड्यावर, शेडखाली बसवायचं. आतली गारवा देणारी कॉइल बदलायची, म्हणजे गॅसही कमी लागेल. आत ठिणगी पडेल असं काही ठेवायचं नाही. दिव्याचं बटण, थर्मोस्टॅट, कॉन्टॅक्टर, सगळं बाहेरच्या पेटीत. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, म्हणून गळती ओळखणारं यंत्र जमिनीलगत लावायचं. त्याला गॅस लागला की आपोआप व्हॉल्व्ह बंद आणि पंखा सुरू. नळ्या आधी नायट्रोजननं तपासायच्या, सांध्यांना साबणाचा फेस लावायचा. आपला तो गळती बघायचा दिवा, ज्याची ज्योत गॅस लागला की हिरवी व्हायची, तो तर आता संग्रहालयात द्यावा.

भरण्याचं काम या गॅसचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आणि पुंजा, माझं एक ऐक. गॅस भरतील त्या दिवशी तू तिकडे फिरकू नकोस. घरी बस.

करमाडचं तू उगाच काढलंस. झालं ते झालं. त्याला किती वर्षं झाली.

तुझा
श्रीधर


पाचोड
९ डिसेंबर २०२४

श्रीधर,

तुझं पत्र सोसायटीत वाचून दाखवलं. नानासाहेब म्हणले, वा, इंजिनेर माणूस ते इंजिनेर माणूस. मशीन बाहेर, ठिणगीच्या वस्तू बाहेर, यंत्र जमिनीलगत, समदं मंजूर झालं. ते यंत्र गॅस लागल्यावर शिट्टी वाजवतं म्हणं. मी म्हणलं, आमच्यासारख्याला शिट्टी काय कामाची, लाल दिवा बी लावा बाहेर. ते बी मंजूर.

मग तू शेवटी लिहिलेलं आलं. 'तू तिकडे फिरकू नकोस.' ते मी वाचलं नाय, पण नानासाहेबानं कागद हातातून घेतला आन त्यानं वाचलं. मोठ्यानं. म्हणला, "बघा, त्यांचा पार्टनर बी तेच म्हणतो."

म्हणजे तुला बी तसंच वाटतं तर. वाटू दे. तुझा राग नाय, तुझा हक्कच हाय. दुकान माझ्यापायीच बंद पडलं. करमाडचा तो आईस कँडीचा कारखाना माझ्यापायीच जळाला. शेजारी चहावाल्याची गॅसची शेगडी होती. मला आत शिरताना गॅसचा वास आला होता, श्रीधर. खरंच आला होता. मी म्हणलं शेगडीचा असंल, आन तरी गळती बघायचा दिवा पेटवला. त्याच्या शेगडीचा गॅस गळून कँडी गोठवायच्या मिठाच्या पाण्याच्या टाकीच्या खड्ड्यात साठला असंल हे माझ्या ध्यानात यायला पायजे होतं. अठरा वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस आन एवढं समजू नाय?

सोसायटीनं ठरवलंय, नव्या मशीनवर दुसरा माणूस ठेवायचा. सतरा फेब्रुवारीला सर्वसाधारण सभा हाय, तिथं शिक्कामोर्तब. सारजा म्हणती, सत्तरी आली, बसा की घरी. पण घरी बसून करू काय? सकाळी उठून त्या खोलीकडं गेलो नाय असा एक दिवस नाय. तिथं गेलं की वाटतं, आपल्या हातचं एक तरी काम नीट चालू हाय.

आमचा पोरगा सुदर्शन बजाजनगरला असतो, कंपनीत फिटर. सणाला येतो, दोन दिस राहतो, बोलत नाय. लहानपणी त्याला हेच काम शिकायचं होतं. आठवतंय का, शाळा सुटली की दुकानात येऊन पाने पुसून ठेवायचा? करमाडनंतर त्यानं एकदा पान्हा उचलला आन मी त्याच्या थोबाडीत मारली. बाराच वर्षाचं लेकरू. परत कधी त्यानं हात नाय लावला. मला आजबी ती चापट आठवती.

असो. पट्ट्याचं मशीन काढतील तवा त्याच्या सिमेंटच्या पायाचा फोटो काढून तुला पाठवतो. त्यावर आपल्या दोघांची नावं खिळ्यानं कोरलेली हायेत.

पुंजाराम


सिडको, छत्रपती संभाजीनगर
३ जानेवारी २०२५

पुंजा,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं. उमा समोर बसली आहे आणि म्हणते आहे की हे फाडलं तर ती स्वतः एसटीनं पाचोडला येऊन सांगेल.

तू घरी बस असं मी लिहिलं ते तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. भीती वाटली म्हणून लिहिलं. गॅस आणि तू एका जागी, हे चित्र मला सहन होत नाही. आणि ते का, हे तुला माहीत नाही. तेच सांगायचं आहे.

करमाडला चहावाल्याच्या शेगडीतून काही गळलं नव्हतं. गॅस आपल्याच मशीनमध्ये होता. मी भरलेला.

अठ्ठ्याण्णवचा मे महिना. बारा नंबरचा गॅस बाजारातून गायब झाला होता, आठवत असेल. कारखान्याचा मालक रोज फोन करायचा, पाच लग्नांची ऑर्डर घेतलीय, मशीन चालू करा. तू त्या आठवड्यात पाचोडला होतास, बहिणीच्या लग्नाला. गावोगाव काही मिस्त्री फ्रिजमध्ये स्वयंपाकाचा गॅस भरतात हे आपण ऐकून होतो, आणि त्यांना नावंही ठेवायचो. मी ते केलं. घरचं सिलिंडर स्कूटरला बांधून नेलं. दोन दिवसांचा प्रश्न आहे, बारा नंबर मिळाला की काढून टाकू, असं मनाशी म्हणालो. मशीन छान चाललं. मालक खूश झाला.

रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. लिहायला बसलो होतो. पण तू वाचशील, तू माझ्याकडे बघशील, याची लाज वाटली. डिप्लोमावाला मी, आणि असलं काम! म्हटलं, तू परत आलास की तोंडी सांगू. तू एक दिवस आधी परत आलास. दुकानात गेलास, रजिस्टर वाचलंस, त्यात 'करमाड: किरकोळ गळती, तपासणे' एवढंच होतं. तू दिवा घेऊन गेलास. नियमाप्रमाणे गेलास, पुंजा. तू वाचूनच गेला होतास.

पुढचं तुला माहीत आहे. तुझा डावा हात, कान, मान. दवाखान्यात तूच पहिल्यांदा शेगडीचं बोललास. मालक म्हणाला, बरोबर, शेगडीच. पोलिसांनी तेच लिहिलं. मी तोंड उघडलं नाही. पहिल्या दिवशी भीतीनं, दुसऱ्या दिवशी लाजेनं, आणि नंतर इतके दिवस झाले होते की आता कसं सांगायचं हेच कळेना. असं करत सव्वीस वर्षं गेली.

उमाला काल सांगितलं. ती मग म्हणाली, "त्या मे महिन्यात आपलं सिलिंडर दहा दिवसांत कसं संपलं, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, गळत असेल."

तुझी काही चूक नव्हती. एवढं एक वाक्य मी तुला सव्वीस वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं. क्षमा मागा असं उमा म्हणते. पण मागायचं तोंड मला नाही.

श्रीधर


पाचोड
१४ जानेवारी २०२५

श्रीधर भावजी,

सारजाबाईचा नमस्कार. हे पत्र मी माझ्या हातानं लिहायले, चुका झाल्या तर संभाळून घ्या. तुमचं पत्र आल्यापासून हे जेवत नाहीत. बोलत तर त्याहून नाहीत. मळ्यात जाऊन बसतात. पत्र कुठं ठेवलं ते सांगत नव्हते, मी उशीखालून काढलं आन वाचलं.

आमच्या सासूबाई तुमच्यासाठी दर वर्षी पापड करून पाठवायच्या. मी तुम्हाला ओवाळलंय. ह्यांच्या हाताच्या पट्ट्या मी बदलायचे तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून वाटी धरायचे. तेव्हा तरी सांगायचं.

सव्वीस वर्षं ह्या माणसानं काडी पेटवली नाही. चूल मी, गॅस मी, देवापुढचा दिवा मी. दिवाळीत लेकरानं फुलबाजी मागितली तर हे घराबाहेर जायचे. मला वाटायचं, जळाल्याची भीती बसली. ती भीती नव्हती भावजी. स्वतःच्या हाताचा इसवास उडला होता त्यांचा.

दर संक्रांतीला तुम्हाला तिळगूळ पाठवते. यंदा पाठवत नाही.

सारजाबाई


पाचोड
३० जानेवारी २०२५

श्रीधर,

हातात पेन धरायला तीन आठवडे लागले.

पहिल्यांदा वाचलं तवा मला वाटलं, माझ्यासाठी खोटं लिहायलास. नानासाहेबानं माझी इज्जत काढली म्हणून तू सगळं आपल्या अंगावर घ्यायलास. म्हणलं, केवढा मोठा माणूस! मग सिलिंडरचं वाचलं. वहिनीचं वाचलं. असं कुणी मनानं रचत नाय.

तुला म्हाईत हाय मला काय आठवत राहतं? आग नाय. दवाखाना. चोवीस दिवस तू रोज यायचास. डबा आणायचास, पेपर वाचून दाखवायचास. मी त्या खाटेवरून उठून तुझे पाय धरायला बघायचो. म्हणायचो, श्रीधर, माझ्यापायी तुझं दुकान गेलं, माफ कर. आन तू माझा खांदा दाबून म्हणायचास, "जाऊ दे पुंजा, माफ केलं."

माफ केलं! तू मला माफ केलंस, श्रीधर!

ते वाक्य मी सव्वीस वर्षं छातीशी धरून ठेवलं. पाचोडला लोकं काय बी बोलली तरी मनात म्हणायचो, बोला, ज्याचं नुकसान झालं त्यानं तर माफ केलं. आता ते बी गेलं. माझ्याजवळ काय राहिलं सांग.

पोटाचा सवाल होता, गॅस मिळत नव्हता, चूक झाली. मिस्त्रीच्या हातून चूक होती. मी असतो तर मी बी कदाचित तेच केलं असतं, गरज लई वाईट असती. ती चूक मी तुला आत्ता, ह्या कागदावर सोडून देतो. पण सांगितलं नाय ते कसं सोडू? मी लेकराला मारलं, श्रीधर. माझा सुदर्शन माझ्याशी बोलत नाय. ते कोण भरून देणार?

मी तुझं पत्र नानासाहेबाला दाखवणार नाय. माझ्या तोंडून सांगणार बी नाय. लोकं म्हणतील, म्हातारा पार्टनरवर ढकलायला लागला. सतरा फेब्रुवारीला, सोमवारी अकरा वाजता सभा हाय. तू ये. सोसायटीच्या हॉलमधी उभा राहा आन तुझ्या तोंडानं सांग. सुदर्शनला बी मी बोलावून घेतो. त्यानं तुझ्या तोंडून ऐकायला पायजे.

नाय आलास तर मी समजून घेईन. पण मग परत लिहू नको.

पुंजाराम


सिडको, छत्रपती संभाजीनगर
५ फेब्रुवारी २०२५

पुंजा,

येतो.

उमाही येणार म्हणते. गुडघे साथ देत नाहीत, एसटीच्या पायऱ्या चढताना कंडक्टरला हात द्यावा लागेल, पण येतो. काय बोलायचं ते लिहून काढत होतो, ते मात्र फाडून टाकलं. वाचून दाखवायची गोष्ट नाही ही.

मला घ्यायला स्टँडवर येऊ नकोस. तुझ्याबरोबर हॉलमध्ये शिरण्याचा मला हक्क नाही.

श्रीधर


पाचोड
१२ मार्च २०२५

श्रीधर,

सभेच्या दिवशी तू बोलून खाली बसलास आन वहिनी तुला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. चहा बी घेतला नाय तुम्ही. त्याच्या पुढचं तुला म्हाईत नाय म्हणून लिहितो.

हॉलमधी चाळीस-पन्नास माणसं, पण पंख्याचा आवाज तेवढा येत असंल. मला तो बी येत नव्हता. तू काय बोलायलास ते मला ऐकू आलं नाय, श्रीधर. एक शब्द नाय. मी समद्याच्या मागं बसलो होतो आन नुसती तुझी पाठ बघत होतो. तुझा सदरा पाठीला चिकटला होता. तू मधीच थांबलास, टेबल धरलंस, परत बोललास. मग पुढं बसलेली माणसं एक एक करून मागं वळून माझ्याकडं बघाया लागली. तवा समजलं की तू सांगितलंस.

नानासाहेब उठला आन माझ्यापर्यंत आला. माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानात वरडून म्हणला, "मिस्त्री, मी लई वर्षं वंगाळ बोललो." त्याला म्हणलं, तुला तरी कुठं म्हाईत होतं. मग ठराव झाला. नवा माणूस ठेवायचा नाय, मिस्त्रीच राहतील. मी उठून सांगितलं, मिस्त्री राहील, पण बहिऱ्याच्या जिवावर पेटता गॅस ठेवू नका, जोडीला प्रशिक्षण घेतलेला माणूस पायजेच. लोकं म्हणली, मग तुमीच निवडा.

सुदर्शन मोटारसायकल घेऊन आला होता, खिडकीपाशी उभा होता. घरी आलो. तो वसरीवर बसला. मग खिशातून पेन काढलं आन माझ्या हातातल्या पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहून मला दाखवलं. 'मला वाटायचं, माझा हात या कामाला बरा नाय म्हणून तुम्ही मला मारलं.'

श्रीधर, सव्वीस वर्षं त्याला हे वाटत होतं! मी रडलो रे. सारजासमोर, सुनेसमोर, नातवासमोर रडलो. म्हणलं, लेकरा, तुझा हात माझ्यापेक्षा बरा होता, म्हणून तर भ्यालो.

त्यानं कंपनीतून सुट्टी काढून नव्या गॅसचं प्रशिक्षण घेतलं. मागच्या सोमवारी मशीन सुरू केलं. नळ्या नायट्रोजननं तपासल्या, दोन सांधे फेसात बुडबुडले ते परत जोडले, मग गॅस भरला. भरणारा माणूस दुसरा होता, सुदर्शन त्याच्या बाजूला. मी घरी बसलो नाय. तू रागावशील, पण मी तिथंच होतो, दारात. खोली आता सात अंशावर हाय. मोसंबीची पहिली गाडी काल लागली. सुट्टीच्या दिवशी तो येत जाईल आन मशीन बघत जाईल. मी शिकवतो, तो मला शिकवतो. नव्या मशीनला पेचकस लावून काय समजत नाय म्हणतो. मी म्हणलं, तुला समजत नाय.

सारजा रोज इचारती, "भावजीला माफ केलं का?" तुझ्या सिलिंडरचं माफ केलं, ते मागंच लिहिलंय. न सांगितल्याचं अजून जमंना. आज लिहायला बसलो तवा वाटलं होतं, लिहून टाकावं. पण एकदा खोटी माफी दिली-घेतली गेलीय आपल्यात, परत तसं नको. खरी व्हईल तवाच लिहीन.

तर असं कर. पुढल्या महिन्यात मशीनची पहिली तपासणी हाय. तू ये. त्याच्या पुढल्या महिन्यात बी ये. काम काय नाय तुझ्याकडून, सुदर्शन हाय. नुसतं येऊन बस माझ्याशेजारी. मला राग येईल तवा मी बोलीन, तू ऐकून घे. कान तुझे शाबूत हायेत. सव्वीस वर्षांचा राग एका सभेत सरत नाय, हप्त्याहप्त्यानंच सरंल. आन दोघंबी सत्तरीत हाव, म्हणून म्हणतो, उशीर करू नको.

वाट बघतो.

पुंजाराम